पागेतले खापरपणजोबा : एका वंशावळीच्या शोधाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, बडोदे

ऑगस्टच्या अखेरीस विश्वामित्रीला आलेल्या पुराचे पाणी आमच्या तळमजल्यावर गुडघाभर चढले आणि जिन्याखालची लोखंडी ट्रंक दीड दिवस त्यात राहिली. आजोबांच्या पश्चात तिला कुणी हात लावला नव्हता. आतले कागद वाळवण्यात सगळा सप्टेंबर गेला. चिकटलेली पाने ओढून सोडवायची नाहीत, त्यांना ऊन दाखवायचे नाही, टीपकागदावर पंख्याखाली पसरून ती आपोआप सुटेपर्यंत थांबायचे, एवढे पथ्य पाळले. बोरूने काळ्या शाईत लिहिलेली पाने बहुतेक तगली. आजोबांच्या वेळच्या कॉपिंग पेन्सिलीची जांभळी अक्षरे मात्र ओघळून गेली. त्यामुळे दीडशे वर्षांपूर्वीचा मजकूर वाचता येतो आणि ऐंशी वर्षांपूर्वीचा येत नाही, असा उलटा प्रकार झाला आहे.

कागद आता हाताळण्याजोगे झाले आहेत, म्हणून आजपासून या नोंदी ठेवत आहे. प्रश्न मोजकेच आहेत. आमच्यापैकी बडोद्यास पहिले कोण आले, कोठून आले, कधी आले, आणि त्यांचा खापरपणजोबांशी नक्की कोणता संबंध होता?

घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते ते असे की मूळपुरुष कोकणातून घोड्यावर बसून आले आणि दमाजीराव गायकवाडांच्या पागेत शिलेदार राहिले. ही गोष्ट मीही माझ्या मुलींना सांगितलेली आहे. पण कागद न उघडताही तिच्यात एक अडचण दिसते. दमाजीराव १७६८ मध्ये वारले. माझे वडील १९३१ चे, आजोबा १९०१ चे, पणजोबा १८७३ चे. या चालीने खापरपणजोबांचा जन्म १८४५ च्या आगेमागे आणि त्यांच्या वडिलांचा १८१५ च्या सुमारास येतो, आणि चुलत आजोबांनी काढलेला वंशवृक्ष तेथेच संपतो. तेव्हा एक तर मधल्या दोन पिढ्या गळाल्या असल्या पाहिजेत, नाही तर दमाजीरावांना गोष्टीत कुणी तरी नंतर आणून बसवले असले पाहिजे.

भाऊबंद हयात आहेत, म्हणून या नोंदींत कुणाचेही नाव लिहिणार नाही. वंशवृक्षातल्या मूळपुरुषास ‘व-१’ आणि खापरपणजोबांस ‘व-२’ म्हणेन. प्रत्येक दुव्यापुढे पुराव्याची प्रत लिहायची: त्याच काळातला लेखी असेल तर पक्का, माहीतगाराने मागाहून लिहिलेला असेल तर मध्यम, आणि बाकीचा सगळा ऐकीव. वंशवृक्ष चुलत आजोबांनी १९६० नंतर कधी तरी काढला, म्हणून तो सुंदर अक्षरात असला तरी वरच्या दोन पिढ्यांपुरता ऐकीव.

१० ऑक्टोबर २०२४

मोजदाद झाली. सुटे कागद ११८, शिवलेल्या वह्या दोन, पत्रिकांची एक गुंडाळी. मोडीतले कागद निम्म्याहून अधिक आहेत आणि मला मोडी जेमतेम अक्षरओळखीपुरती येते. प्रत्येक पानाला पेन्सिलीने क्रमांक घातला आणि फोनने दोन्ही बाजूंची छायाचित्रे घेतली. कागद ज्या क्रमाने निघाले तो क्रम मोडला नाही, कारण कोणता कागद कोणाच्या शेजारी होता हीसुद्धा माहितीच असते.

२० ऑक्टोबर २०२४

दोन वह्यांपैकी लहान वही म्हणजे श्राद्धाचे टिपण निघाले. महालयाच्या वेळी गुरुजी नावे विचारतात तेव्हा यजमानाला अडखळायला होऊ नये म्हणून घरोघर अशी टिपणे असत. पूर्वार्ध मोडीत आणि पणजोबांच्या हातचा आहे, उत्तरार्ध बाळबोधीत आणि आजोबांच्या हातचा. दोघांची सही इतर कागदांवर असल्यामुळे हस्ताक्षराबद्दल शंका नाही.

वंशावळीचे काम करणाऱ्याने हे टिपण सर्वांत आधी शोधावे असे माझे मत झाले आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह अशा तीन पिढ्यांचा उच्चार होतो, त्यामुळे टिपण लिहिणारा आपल्या उभ्या जागेवरून तीन पायऱ्या वर दाखवतो. माझ्या वडिलांना श्राद्धात आपल्या पणजोबांपर्यंतच, म्हणजे व-२ पर्यंतच, जावे लागे. पण त्यांच्याही आजोबांनी लिहिलेला पूर्वार्ध हाती आल्यामुळे मी एकदम सहा पिढ्या चढून व-१ च्याही वडिलांपर्यंत पोहोचलो. शिवाय वंशवृक्षात ज्यांना जागा नाही त्या बायका येथे आहेत. माता, पितामही, प्रपितामही अशी त्यांची वेगळी त्रयी असते आणि मग आईकडची त्रयी येते. चुलत आजोबांच्या वृक्षात एकाही स्त्रीचे नाव नाही. या मळक्या वहीत आठ आहेत.

मोडीचा भाग अक्षर लावून वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. व-१ च्या पत्नीच्या नावापुढे ‘अविधवा नवमी’ असे लिहिले आहे. नवरा हयात असताना निवर्तलेल्या स्त्रीचे श्राद्ध भाद्रपद वद्य नवमीला होते, म्हणजे त्या व-१ च्या आधी गेल्या. सालाचा पत्ता नसतानाही दोन मृत्यूंचा क्रम कळला. आज याचा उपयोग दिसत नाही, तरी टिपून ठेवतो.

त्रयींच्या नंतर काका, मामा, आत्या, मावशी, सासरे, गुरू अशी नेहमीची रांग आहे. अगदी शेवटी ‘आप्त’ या शब्दाखाली एक पुरुषनाम आहे, आमच्याच गोत्राचे, पुढे ‘सपत्नीक’. हे गृहस्थ कोण ते समजत नाही. वृक्षात ते नाहीत.

३ नोव्हेंबर २०२४

भाऊबीजेला आत्याकडे दांडिया बाजारात गेलो. तिचे वय ८८, स्मरण लख्ख. फोनवर तासभर बोलणे नोंदवून घेतले. घोड्याची गोष्ट तिने जशीच्या तशी सांगितली, फक्त दमाजीरावांऐवजी खंडेराव महाराज म्हणाली आणि मी टोकले तेव्हा, “महाराज कुठले का असेनात, घोडा होता ना!” असे म्हणून पुढे गेली. व-२ विषयी तिच्या आजीच्या तोंडचे एक वाक्य तिला आठवते: “ते दोन घरचे होते.” त्यांची दोन लग्ने झाली असावीत असा अर्थ तिने आजवर लावला होता. टिपणात मात्र व-२ ची पत्नी एकच आहे. वाक्य ऐकीव म्हणून नोंदवले.

१७ नोव्हेंबर २०२४

मोडी जाणणारे एक निवृत्त शिक्षक दर रविवारी दोन तास देण्यास तयार झाले आहेत. आज मोठी वही उघडली. ती व-२ ची पत्रांच्या नकलांची वही आहे. पाठवलेल्या पत्राची नक्कल ठेवण्याची त्यांची सवय आमच्या दृष्टीने भाग्याची ठरली, कारण एरवी घरात आलेली पत्रे उरतात आणि गेलेली परमुलखात नाहीशी होतात.

पहिल्याच पत्राने दोन तास खाल्ले. हे पत्र कोकणातल्या गावी लिहिलेले असून बडोद्यास सुखरूप पोहोचल्याचे वर्तमान त्यात आहे. तारखेवर नेमके पाणी बसले होते. शकाचे ‘१७’ दिसत होते, पुढचे दोन अंक गेले होते. मात्र ‘दुंदुभि नाम संवत्सरे’ हे शब्द शाबूत होते. संवत्सरांचे चक्र साठ वर्षांचे, आणि आपल्याकडच्या हिशेबात शकात बारा मिळवून साठाने भागले की बाकी संवत्सराचा क्रमांक देते. दुंदुभि छप्पन्नावा. त्यामुळे अठराव्या शकशतकात त्याला दोनच जागा उरतात, शके १७२४ किंवा शके १७८४. इसवी सनात १८०२ किंवा १८६२. साठ वर्षांच्या फरकाने आमची सगळी गोष्ट इकडची तिकडे होते.

निकाल एका शब्दाने लागला. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात, तिला अक्षरे टांगत जातात आणि शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत. इकार-उकारांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. सुरतेच्या उल्लेखानंतरचा शब्द मोडीच्या गुरुजींनी आधी ‘अग्निहोत्र’ असा वाचला. पत्रात वेदपठणाचा आणि सोवळ्याओवळ्याचा मजकूर असल्यामुळे तो वाचनाला पटलाही. पण मग पत्र लिहिणारा मुलगा, म्हणजे व-२, अग्निहोत्रात बसून सुरतेहून बडोद्यास आला, असा चमत्कारिक अर्थ निघू लागला. भिंगाखाली शेवटचे अक्षर पुन्हा पाहिले तेव्हा शब्द ‘अग्निरथ’ ठरला. त्या काळी आगगाडीला अग्निरथ म्हणत. सुरतेकडून येणारा लोहमार्ग बडोद्यास १८६१ मध्ये पोहोचला. मुंबई आणि सुरत यांच्यामधला मार्ग त्या वेळी अपुरा होता, आणि मुलगा सुरतेपर्यंत गलबताने आल्याचे पत्रात आहे, तेही याच्याशी जुळते. तेव्हा शके १७८४, इसवी सन १८६२, खंडेराव महाराजांची कारकीर्द.

म्हणजे आमचे घोडेस्वार खापरपणजोबा आगगाडीने आले. गुरुजी बराच वेळ हसत होते; मला हसायला थोडा उशीर लागला.

२४ नोव्हेंबर २०२४

अमेरिकेत असलेल्या भाच्याने विचारले की शिरगणतीचे जुने तक्ते पाहून हे काम चटकन का होत नाही. तिकडे घरोघरचे तक्ते नावानिशी राखलेले असतात आणि ठरावीक मुदतीनंतर खुले होतात. आपल्याकडे हाती येतात ते छापील अहवाल, आणि त्यांत माणसे आकड्यांच्या रूपाने आहेत. बडोदे संस्थानचे अहवाल नमुनेदार आहेत, पण एका घराचा माग काढण्याच्या कामी ते येत नाहीत. हा मार्ग बंद.

गोत्र आणि कुलदैवत यांच्या आधारे कुळ शोधण्याचाही विचार केला. कोकणस्थांची गोत्रे चौदाच, आणि गुहागरचा व्याडेश्वर व आंब्याची योगेश्वरी ही जोडी कितीतरी आडनावांची आहे. गोत्र जुळत नसेल तर एक कुळ वगळता येते, तेही मध्ये परगोत्रातला दत्तक आला नसेल तर. जुळल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

८ डिसेंबर २०२४

आजची नोंद लांबणार, कारण दोन पुरावे एकमेकांविरुद्ध उभे राहिले आहेत.

नकलांच्या वहीत शके १७८४ ते १७८९ पर्यंतची एकोणीस पत्रे वाचून झाली. कोकणातले एक वडीलधारे गृहस्थ (त्यांना ‘क-१’ म्हणतो) हे त्यांतल्या अकरा पत्रांचे धनी आहेत. सुरुवातीच्या सर्व पत्रांत त्यांना ‘तीर्थरूप’ म्हटले आहे. हा मायना स्वतःच्या आईवडिलांना लिहितात. चुलता, मामा, सासरे अशा वडिलांसमान व्यक्तींना ‘तीर्थस्वरूप’ लिहितात. बोलताना दोन्हींत कुणी फरक करत नाही, पण लिहिणारा कारकुनी वळणाचा असेल तर तो चुकत नाही. म्हणजे क-१ हे व-२ चे वडील. इकडे श्राद्धाच्या टिपणात मात्र व-२ चे वडील म्हणून व-१ यांचे नाव आहे, आणि ते लिहिणारे पणजोबा व-२ चे सख्खे पुत्र. दोन्ही पुरावे पक्के.

पहिला संशय असा आला की एकाच माणसाची ही दोन नावे असावीत, पाळण्यातले एक आणि व्यवहारातले एक. तो लगेच गळून पडला, कारण व-१ यात्रेस गेले असताना व-२ ने त्यांना लिहिलेले एक पत्र वहीत आहे आणि त्याच पत्रात क-१ च्या प्रकृतीचे वर्तमान कळवले आहे. माणसे दोन होती.

मग गुरुजींनी नुसते मायने एका कागदावर उतरवून काढले, आणि ते पाहताना दोघांच्याही एकदम लक्षात आले. यात्रेच्या पत्रात, शके १७८५ मध्ये, बडोद्याचे व-१ हे ‘तीर्थस्वरूप’ आहेत आणि कोकणातले क-१ ‘तीर्थरूप’. शके १७८९ च्या पत्रांत क-१ ‘तीर्थस्वरूप’ झाले आहेत. आशीर्वाद मागण्याची रीत तीच, आईला सांगावयाचे निरोप तसेच, गायीची चौकशीसुद्धा तशीच. बदलला आहे तो एक शब्द. चार वर्षांत मुलाचे वडील बदलले, असे या मायन्यावरून म्हणावे लागते, आणि तसे बदलण्याचा एकच विधी आपल्यात आहे.

दत्तकाची शंका कागदाशी पडताळून पाहिली. व-१ ची पत्नी त्यांच्या आधी वारल्याचे टिपणावरून ठाऊक होते, त्यामुळे हा विधवेने मागाहून घेतलेला दत्तक असण्याचा संभव नाही. व-१ ने स्वतःच, बहुधा विधुर झाल्यावर, घेतला असावा. ऑक्टोबरात निरुपयोगी वाटलेली अविधवा नवमी अशी कामी आली. मुलाचे वय सतराअठरा असावे, पण तीही अडचण नव्हे, कारण पश्चिम हिंदुस्थानात मानल्या जाणाऱ्या ‘व्यवहारमयूख’ या धर्मशास्त्रग्रंथाच्या मताप्रमाणे वाढलेला, किंबहुना लग्न झालेला मुलगाही दत्तक घेता येत असे. आत्याच्या आजीचे ‘दोन घरचे’ हे वाक्यही आता निराळे ऐकू येते. तरीही दत्तपत्र हाती नाही, आणि मायन्याचा पुरावा कितीही बोलका असला तरी तो अनुमानाचा आहे. दुवा ‘मध्यम’ ठेवला.

जाता जाता आणखी एक. सुट्या कागदांत व-१ ला आलेले एक पत्र आहे, त्यावर ‘वे॥ मू॥’ म्हणजे वेदमूर्ती असे लिहिले आहे. चाकरीतल्या गृहस्थाला नुसते ‘राजश्री’ लिहीत. वेदमूर्ती हा मायना वैदिकाचा. बडोद्यास दरबारची श्रावणमासची दक्षिणा मोठी होती आणि तिच्यासाठी दूरदूरचे ब्राह्मण येत. व-१ त्यासाठीच आले असे म्हणायला आधार नाही, पण ते शिलेदार नव्हते एवढे म्हणायला आहे.

१२ जानेवारी २०२५

वेदमूर्तींचा दत्तक पागेत कसा गेला, हा प्रश्न उरला होता. कोठीवरच्या सरकारी अभिलेखागारात दोन दिवस बसलो. दप्तर खात्याप्रमाणे आणि सालाप्रमाणे लावलेले असते, माणसाच्या नावाने नव्हे. त्यामुळे आपला माणूस कोणत्या खात्यात होता हे घरूनच ठरवून न्यावे लागते. शिवाय जुन्या याद्यांत नाव आणि वडिलांचे नाव असते, आडनाव असतेच असे नाही. व-२ च्या नावाचे तिघे सापडले आणि वडिलांचे नाव एकाच्याही बाबतीत जुळले नाही.

उत्तर घरच्याच ट्रंकेत होते. कागद क्रमांक ७३ हा मी हिशेबाचा फुटकळ तुकडा समजून बाजूला ठेवला होता. तो शके १७९१ चा, म्हणजे १८६९ चा, घोड्यांच्या चंदीचा तक्ता आहे. डाव्या बाजूला एकाखाली एक घोडे, नावाने नव्हे तर रंगाने: अबलख, कुमाईत, सब्जा, पुन्हा कुमाईत, पंचकल्याणी. उजवीकडे हरभऱ्याचे शेर आणि गवताच्या पेंढ्या, खाली बेरीज, रक्कम बाबाशाही रुपयांत. दुसऱ्या कुमाइताच्या ओळीत महिन्याच्या मध्यावर ‘चंदी बंद’ असे लिहून पुढचे रकाने मोकळे सोडले आहेत. घोडा मेला की विकला ते लिहिलेले नाही. तक्ता करणाऱ्याचे नाव कोपऱ्यात आहे आणि अक्षर नकलांच्या वहीतलेच आहे. ‘स’ ची शेपटी डावीकडे वळवून तिची गाठ मारण्याची लकब दोन्हीकडे सारखी.

व-२ पागेत होते, पण घोड्यावर नव्हे, घोड्यांच्या हिशेबावर. आमचे आडनाव फडणीस, चिटणीस, पोतनीस यांच्या पंगतीतले, ‘नीस’ने संपणारे आहे, आणि नीस म्हणजे नवीस, लिहिणारा. पागा जशी आडनावात होती तशी लेखणीही आडनावातच होती. रोज सही करताना ती माझ्या हाताखालून गेली आणि मी एका घोड्यापायी तिच्याकडे पाहिले नाही.

२ फेब्रुवारी २०२५

डभईवरून चांदोदला जाऊन आलो. नर्मदेवर श्राद्धकर्मासाठी बडोद्याची माणसे जात, म्हणून तेथील उपाध्यायांकडे चौकशी केली. आमच्या घराण्याची नोंद मिळाली नाही.

९ मार्च २०२५

नाशिकहून काल रात्री परतलो. रामकुंडाजवळच्या तीर्थोपाध्यायांना दूरध्वनीवरून आडनाव सांगितले होते आणि त्यांनी काहीच नसल्याचे कळवले होते. मी तरीही गेलो, कारण आमचे आडनाव १८६० नंतर हुद्द्यावरून पडले असणार आणि त्याआधीची नोंद त्या नावाखाली असण्याचे कारण नाही. नकलांच्या वहीतून मिळालेले गुहागरजवळचे मूळ गाव सांगितले. त्या गावाचा चोपडा, म्हणजे यात्रेकरूंच्या नोंदींची वही, निराळा होता. तांबड्या फडक्यात बांधलेला, लांबट, जाड हातकागदाचा. पाने उलटताना त्यांचा आवाज होत नव्हता. पाऊण तासाने उपाध्याय थांबले आणि चोपडा त्यांनी माझ्याकडे फिरवला.

पहिली नोंद शके १७७२ ची, म्हणजे १८५० ची. व-१ ने स्वतः, वैदिकाच्या टपोऱ्या बाळबोध अक्षरात लिहिलेली: आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे, दोन भावांची नावे, हल्ली वस्ती बडोदे. त्या दोन भावांतले धाकटे म्हणजे क-१. व-१ आणि क-१ सख्खे भाऊ होते, त्यामुळे दत्तक सगोत्रच झाला, वरच्या पिढ्या त्याच राहिल्या आणि दीडशे वर्षे कुणाला सांधा जाणवला नाही.

दुसरी नोंद शके १७९४ ची, अंगिरा नाम संवत्सर, सिंहस्थ. ही व-२ ची, मोडीत, तीच गाठ मारलेली ‘स’ ची शेपटी. नाव, मग ‘पिता’ म्हणून व-१. त्या शब्दानंतर काकपद (राहिलेला शब्द घालण्याची खूण) करून ओळीच्या वर बारीक अक्षरात ‘जनक’ आणि क-१ चे नाव घातले आहे. आधी लिहायचे नव्हते आणि मागून राहवले नाही, की नुसते विसरून मग आठवले, हे काकपदावरून ठरवता येत नाही. दत्तकाचा दुवा मात्र ‘पक्का’ झाला.

छायाचित्र घेण्यास उपाध्यायांनी नकार दिला आणि तो मला योग्यच वाटला, कारण त्याच पानावर इतर घराण्यांचीही नावे आहेत. दोन्ही नोंदी हाताने उतरवून घेतल्या आणि त्यांना वाचून दाखवून ताडून घेतल्या. नंतर त्यांनी रीतीप्रमाणे आमची पुढची नोंद लिहायला सांगितली. पत्नीचे आणि दोन्ही मुलींची नावे लिहिली. जावयांची गावे त्यांनीच विचारून घातली.

२३ मार्च २०२५

वंशवृक्ष नव्याने मांडला. बडोद्यास पहिले आलेले व-१, १८५० पूर्वी, वैदिक. दुसरे व-२, १८६२ मध्ये, चुलत्याकडे शिकायला आलेले, १८६३ ते १८६७ च्या दरम्यान दत्तक, १८६९ मध्ये पागेकडे कारकून. चुलत आजोबांच्या वृक्षात ज्याला एक माणूस घोड्यावरून आला असे म्हटले होते, ती दोन माणसांची दोन स्थलांतरे होती. दत्तकाचा दुवा ठळक रेघेने आणि जनकाचा तुटक रेघेने दाखवला आहे. मुलींच्या शाखा टिपणातून आणि आत्याच्या सांगण्यावरून भरत आहे. आतापर्यंत चौदा नावे वाढली, त्यांतली नऊ ऐकीव.

मुलांची नावेही आता बोलू लागली. व-२ च्या थोरल्या मुलाला, म्हणजे माझ्या पणजोबांना, व-१ चे नाव ठेवले आहे आणि धाकट्याला क-१ चे. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत दोन्ही आजोबांच्या बाबतीत पाळली गेली.

आत्याला सगळे वाचून दाखवले. घोड्याचे ऐकून ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “बरं, पण घोड्यांना खायला तर तेच घालत होते ना?”

आज श्राद्धाचे टिपण पुन्हा पहिल्यापासून तपासले. शेवटच्या ओळीतले ‘आप्त’ गृहस्थ म्हणजे क-१. ऑक्टोबरात हे नाव माझ्यासमोर होते आणि मला ते लागले नव्हते. दत्तक गेलेल्या मुलाच्या घरात जनकाला पितरांच्या त्रयीत जागा नसते. पणजोबांनी आपल्या या आजोबांना रांगेच्या टोकाला, नाते न लिहिता, बसवले होते. आजोबांच्या बाळबोध यादीतही ती ओळ तशीच उतरली आहे, बहुधा हे कोण ते ठाऊक नसताना.

त्यांच्या पत्नीचे, म्हणजे व-२ ला जन्म देणाऱ्या आईचे नाव कोठेही मिळालेले नाही. एकोणीस पत्रांत तिला निरोप आहेत, पण ते ‘मातोश्रींस’ आणि शेवटच्या काही पत्रांत ‘काकूंस’ असे आहेत. टिपणात ‘सपत्नीक’ एवढाच शब्द आहे. तक्त्यात तिची चौकट आखली आणि आत तोच शब्द लिहिला.